कळविले, पण कळले काय?

परवाना देणारे सरकार तो काढून घेण्याचा अधिकारही आपल्या हाती ठेवते, याविषयी आमची तक्रार नाही. भेसळीचे खत, न उगवणारे बी आणि बनावट औषध विकून शेतकऱ्याचा हंगाम बुडविणाऱ्या दुकानदाराची आम्हांला कणव येत नाही; मग तो मराठी असो वा कन्नड. आमचा सवाल निराळा आहे. ज्याचा परवाना हिरावून घ्यावयाचा, त्याला त्याचा अपराध कोणत्या भाषेत सांगणार?

१९६८ च्या कीटकनाशक अधिनियमाचे १४ वे कलम स्पष्ट आहे. महत्त्वाच्या बाबतीत खोटी माहिती देऊन परवाना मिळविला असेल, अथवा त्याच्या अटी मोडल्या असतील, तर तो निलंबित वा रद्द करता येतो. परंतु तत्पूर्वी कारणे दाखविण्याची संधी दिलीच पाहिजे. १५ व्या कलमाने अपिलाला ३० दिवसांची मुदत दिली आहे, ती निर्णय कळविल्याच्या दिवसापासून. बियाण्यांच्या १९८३ च्या व खतांच्या १९८५ च्या नियंत्रण आदेशांतही बाजू ऐकून घेण्याचे बंधन आहे.

सारे मर्म त्या ‘कळविणे’ या शब्दात आहे. कर्नाटक सरकारचा कारभार कन्नडमधून चालतो. मराठी शाळेत शिकलेल्या खानापूरच्या दुकानदाराच्या हाती केवळ कन्नड नोटीस ठेवली, तर कागद पोहोचतो, आरोप पोहोचत नाही. जो आरोपच समजला नाही, त्याला उत्तर काय देणार? मुदतीचे दिवस मात्र सरत राहतात. हेच मृगाच्या तोंडावर घडले, तर दुकानाला कुलूप लागते आणि पेरणी खोळंबते ती भोवतालच्या शेतकऱ्यांची!

१९६२ साली हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, स्थानबद्धतेची कारणे स्थानबद्धाला समजणाऱ्या भाषेतच दिली पाहिजेत. तेथे चुकले होते ते महाराष्ट्राचे सरकार. न्यायाने त्याचीही गय केली नाही. तो प्रश्न देहाच्या स्वातंत्र्याचा होता, हा पोटाचा आहे. पण न्यायाचे तत्त्व दोन्हीकडे एकच. शिवाय ज्या तालुक्यात भाषिक अल्पसंख्य १५ टक्के असतील, तेथे महत्त्वाचे नियम व सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, असे केंद्राच्या संरक्षणयोजनेतच नमूद आहे. खानापुरात मराठी भाषक तेवढेही नाहीत, असे म्हणण्याचे धाडस कोण करील?

म्हणून आमची मागणी साधी आहे. नोटीस, तिची कारणे व अंतिम हुकूम मराठीतही द्या, आणि मुदत त्या मराठी प्रतीच्या तारखेपासून मोजा. दुकानदार बंधूंनीही गप्प बसू नये. मराठी प्रत लेखी मागावी, पोच घ्यावी आणि मुदत न चुकविता आपले म्हणणे मराठीतच मांडावे. राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क घटनेच्या ३५० व्या अनुच्छेदाने दिला आहे.

सीमाप्रश्नाचा दावा महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात नेला. त्याचा निकाल लागेल तेव्हा लागो. आपल्यावरील आरोप आपल्या भाषेत वाचण्याचा हक्क तोवर थांबू शकत नाही. न कळलेल्या अपराधाची शिक्षा हा कायदा नव्हे, ती दंडेली होय!