अक्षर बिघडले, जीभ अडखळली

वर्तकनगरच्या म्हाडा वसाहतीतला सोळा-सतरा वर्षांचा एखादा मुलगा डोळ्यांसमोर आणा. दहावीपर्यंत वही नेटकी, अकरावीत अक्षर वेडेवाकडे. मग बोलणे जड होते, तोंडातून लाळ गळते, हातातला चहाचा कप हिंदकळतो. चिडचिड वाढते, मार्क घसरतात. घरच्यांना ते मोबाइलचे वेड वाटते, शेजारीण ‘बाहेरचे’ काही आहे का म्हणून विचारते, कुणी मनाच्या आजाराच्या गोळ्या सुरू करते. वर्ष-दीड वर्ष असेच जाते आणि तेवढ्या काळात त्याच्या मेंदूत तांबे साठत राहते.

हा विल्सनचा आजार. किनियर विल्सन यांनी तो 1912 मध्ये मांडला. रोजच्या जेवणातून येणारे जास्तीचे तांबे यकृत पित्तावाटे बाहेर टाकते. त्यासाठी लागणारे एटीपी7बी हे जनुक आई आणि वडील दोघांकडून सदोष आले, की तांबे आधी यकृतात आणि मग हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या मेंदूच्या भागांत साचते. आई-वडील स्वतः ठणठणीत असतात, म्हणून ‘आमच्या घराण्यात असे कुणाला नाही’ या उत्तरावर डॉक्टरांनी थांबू नये. मामाच्या मुलीशी लग्नाची रीत असलेल्या घरांत तर मुळीच नाही.

हा आजार परदेशी पुस्तकातला नाही. मुंबईत दराब दस्तूर आणि नोशीर वाडिया यांनी 1968 मध्येच अशा 16 कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. तरीही निदानाला आज उशीर होतो, हे खटकते. कारण तपासण्या अवघड नाहीत. नेत्रविभागातल्या स्लिट लॅम्पखाली बुबुळाच्या कडेला सोनेरी-तपकिरी कडे दिसते का ते पाहायचे, रक्तातले सेरुलोप्लाझमिन आणि 24 तासांच्या लघवीतले तांबे मोजायचे. तरुण वयात कंप, अडखळते बोलणे किंवा स्वभावात अचानक बदल दिसला, तर हे करून घ्यायलाच हवे.

आनुवंशिक हालचाल-विकारांपैकी बहुतेकांवर मुळावर घाव घालणारे औषध नाही. इथे ते आहे. जॉन वॉल्श यांनी 1956 मध्ये पेनिसिलामाइन आणले. ते तांबे लघवीतून बाहेर काढते. झिंक आतड्यातच तांबे अडवते. पेनिसिलामाइनने सुरुवातीला काहींचा कंप वाढतो, म्हणून मात्रा हळूहळू वाढवतात. नेमके तेव्हाच घाबरून औषध बंद केले जाते. पुढे बरे वाटू लागले की पुन्हा तोच मोह. गोळ्या जन्मभराच्या आहेत. मध्येच सोडल्या तर यकृत निकामी होऊन जीव जाऊ शकतो. अशा रुग्णाला ‘स्टॉक नाही, बाहेरून आणा’ अशी चिठ्ठी देणे म्हणजे औषध तोडायला लावणेच. सरकारी औषधभांडारांत ही औषधे बारमाही हवीत आणि दूरच्या रुग्णाला एका खेपेत दोन-तीन महिन्यांची द्यावीत.

तांब्याच्या लोट्यातले पाणी आरोग्याला चांगले, असे मोबाइलवर रोज सांगितले जाते. या घरात तो लोटा फडताळात गेलेला बरा.

आणि त्या मुलाची धाकटी बहीण? ती हसते-खेळते, शाळेत जाते. तिलाही हा आजार असण्याची शक्यता चारात एक. लक्षणे दिसण्याआधी गोळ्या सुरू झाल्या तर तिचे अक्षर बहुधा कधीच बिघडणार नाही. भावाच्या पुढच्या तारखेला तिलाही सोबत न्यावे.