परतीची शिल्लक

सुट्टीत कोकणात किंवा गोव्यात जाणाऱ्या कुटुंबांच्या बोलण्यात अलीकडे एक नवा शब्द रुळू लागला आहे : कयाक. अरुंद, लांबट, हलकी होडी आणि दोन्ही टोकांना पाते असलेले एक वल्हे, एवढीच तिची सामग्री. इंजिन नाही, धूर नाही, गोंगाट नाही. कांदळवनाच्या कडेने ती निघाली की पाण्याचा आणि पाखरांचा आवाज तेवढा सोबतीला उरतो. लहान मुलांना घेऊन सहकुटुंब जोपासावा असा हा छंद आहे काय, असे तरुण आईवडील विचारतात. माझे उत्तर ‘होय’ असे आहे. परंतु त्यास एक अट आहे.

ती अट समजण्यासाठी कयाकचे कूळ पाहिले पाहिजे. ग्रीनलंडसारख्या हिममय प्रदेशातील इनुइट लोकांची ही होडी. वाहून आलेल्या लाकडाचा किंवा व्हेलच्या हाडांचा सांगाडा आणि त्यावर ताणून शिवलेले सीलचे कातडे अशी तिची मूळ घडण. ती होती एकट्या शिकाऱ्याची. बायकामुले आणि घरसामान यांना एका ठिकाणाहून दुसरीकडे न्यायचे असेल, तेव्हा तेच लोक ‘उमियाक’ नावाची मोठी, उघडी होडी वापरीत. आजची कयाक प्लास्टिकची असते आणि शिकारीशी तिचा संबंध उरलेला नाही. तथापि एक गोष्ट ध्यानात ठेवावी : ही होडी मुळात एका सशक्त माणसाच्या बळावर बेतलेली आहे. तिच्यात सहा वर्षांचे मूल बसवायचे, तर हिशेब नव्याने मांडावा लागतो.

बँकेतील माझ्या नोकरीत आम्ही तारणाच्या पूर्ण किमतीइतके कर्ज कधी देत नसू. काही हिस्सा ‘मार्जिन’ म्हणून राखून ठेवावा लागे. कारण बाजार उतरला, तर तोच हिस्सा बँकेला वाचवी. पाण्यावर हेच तत्त्व लागू पडते. जाताना जेवढी शक्ती खर्च होईल, त्याहून अधिक परतीसाठी शिल्लक राहिली पाहिजे. आणि ही शिल्लक मोजायची ती कुटुंबातील सर्वांत लहान प्रवाशाच्या खात्यावरून, वडिलांच्या दंडावरून नव्हे. माझी अट ती हीच.

कोकणच्या खाडीत हा हिशेब भरती-ओहोटीपासून सुरू होतो. भरतीपासून ओहोटीपर्यंत साधारण सव्वासहा तास जातात. या सहा तासांत पाणी सारख्या वेगाने उतरत नाही. एकूण उताराचे बारा भाग कल्पिले, तर पहिल्या तासात सुमारे एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात प्रत्येकी तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक भाग पाणी उतरते. म्हणजे मधल्या दोन तासांतच निम्मे पाणी ओसरते. ओढ सर्वाधिक असते ती तेव्हा, आणि त्या वेळी मुलांना खाडीच्या मुखाजवळ नेणे योग्य नव्हे.

तिथीला पाऊणने गुणले की मुंबईच्या किनाऱ्यावरील भरतीची वेळ अंदाजे निघते, हा आपल्या वाडवडिलांचा आडाखा. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. दक्षिणेकडे वेळ थोडी बदलते. म्हणून प्रत्यक्ष निघताना छापील कोष्टक आणि स्थानिक खलाशी या दोघांनाही विचारावे. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण असते, अष्टमीच्या सुमारास भांगाचे, म्हणजे मंद पाणी. अष्टमी-चतुर्दशी ज्यांच्या नित्य ध्यानात असते, त्या आपल्या वाचकांना नवशिक्या मुलांसाठी दिवस निवडणे कठीण जाऊ नये. पावसाळ्यात मात्र हा विषयच काढू नये.

वाऱ्याचाही हिशेब असतो. सकाळी जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. किनाऱ्याजवळचे पाणी त्या वेळी शांत दिसते, परंतु हाच वारा हलकी होडी नकळत बाहेर लोटतो. दुपारी समुद्रावरून खारा वारा सुटतो आणि पाणी खवळते. म्हणून लहान मुलांसाठी आडोशाची खाडी आणि सकाळची वेळ उत्तम. निघताना प्रवाहाच्या विरुद्ध जावे, म्हणजे दमलेल्या हातांना परतताना पाण्याचे साहाय्य मिळते.

गेल्या जानेवारीत देवबागजवळ कर्ली नदीच्या खाडीत माझी मुलगी, जावई आणि दोन नातवंडे दोन कयाकमधून निघाली. मी एका खलाशासह मागच्या होडीत होतो. समोरच्या वळणापर्यंत जाण्याचा बेत होता. अर्ध्या तासाने सहा वर्षांच्या नातीने वल्हे मांडीवर ठेवले. खलाशाने हाक मारली, “काय गो बाय, दमलंस?” तिने मान हलवली नाही, पण वल्हेही उचलले नाही. तेवढ्यात पाण्यावर बारीक लहरी उठू लागल्या. वळण दोनशे-अडीचशे हातांवर होते. नऊ वर्षांचा नातू ओरडला, “पप्पा, ते बघा, आलंच की!” जावई एवढेच म्हणाले, “आज इथवरच.” आणि दोन्ही कयाक वळल्या.

नातू जेवणापर्यंत कोणाशी बोलला नाही. त्याची समजूत काढण्याची घाई कोणी केली नाही, हे मला विशेष वाटले. आजचे आईवडील मुलांचा रुसवा सहन करू शकत नाहीत. एखादा हट्ट पुरवून तो मिटवणे त्यांना सोपे जाते. परंतु पाणी कोणाचा हट्ट पुरवीत नाही. दृष्टीच्या टप्प्यात आलेले ठिकाण सोडून परतता येते, हे मुलाने वडिलांच्या वागणुकीतून पाहिले. संध्याकाळी तोच नातू वही घेऊन खलाशाकडे गेला आणि उद्याच्या भरतीची वेळ लिहून आला. पुढे शेअर बाजारात, व्यवसायात किंवा प्रवासात हे शिक्षण त्याच्या उपयोगी पडेल, असा मला विश्वास आहे.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी. जागतिक आरोग्य संघटना बुडणे हे बालमृत्यूच्या प्रमुख कारणांपैकी एक मानते, म्हणून यात सवलत नको. लाइफ जॅकेट प्रत्येकाने घालावे, पट्टीचे पोहणाऱ्यानेही. मुलाचे जॅकेट मुलाच्याच मापाचे असावे. पट्टे आवळून खांद्यांना धरून ते वर उचलून पाहावे. हनुवटीच्या वर सरकले तर ते मोठे आहे असे समजावे. लहानग्यांच्या जॅकेटला पायांमधून जाणारा पट्टा हवा. हवा भरलेल्या दंडपट्ट्या हा त्याला पर्याय नव्हे. प्रारंभी वर उघडे बसण्याची कयाक निवडावी. ती उलटली तरी कोणी आत अडकत नाही. मूल पुढे, नजरेसमोर बसवावे. त्याला होडीला कधीही बांधू नये. एका मुलामागे एक मोठा माणूस असावा. पहिल्या दिवशी कमरेइतक्या पाण्यात मुद्दाम उलटून पुन्हा चढण्याचा सराव हसतखेळत करावा, म्हणजे भीती आणि फाजील धाडस दोन्ही ओसरतात.

आणि निघण्यापूर्वी कुटुंबात एक ठराव करावा : ‘परतू या’ हे शब्द कोणीही, अगदी धाकट्यानेही उच्चारले, तर त्यावर चर्चा होणार नाही. ज्या घरात धाकट्याच्या शब्दाला एवढे वजन आहे, त्या घराने कयाक अवश्य घ्यावी.