सैतानाच्या माथी मारलेले दहा मृत्यू

‘हिप-हॉप हे सैतानाचे संगीत, मुलांना तिकडे फिरकू देऊ नये,’ असे बजावून आपल्यापैकी अनेक पालक निर्धास्त होतात. परंतु हे संगीत आता दाराशी आले आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईतील खारघर येथे ‘रोलिंग लाऊड’ हा अनेक रॅप गायकांचा अमेरिकी महोत्सव दोन दिवस भरला. अशा वेळी ह्यूस्टनचा दाखला हमखास पुढे केला जातो. तो दाखला आम्हांला मान्य आहे. त्यावरून काढला जाणारा निष्कर्ष मुळीच मान्य नाही.

५ नोव्हेंबर २०२१ रोजी अमेरिकेतील ह्यूस्टन शहरात ‘ॲस्ट्रोवर्ल्ड’ महोत्सवासाठी सुमारे ५० हजार श्रोते जमले होते. दिवसभर दोन मंचांवर अनेक गायक-गायिकांचे कार्यक्रम झाले. रात्री नऊच्या सुमारास मुख्य गायक ट्रॅव्हिस स्कॉट येणार म्हणून पडद्यावर उलटी गणती सुरू झाली आणि दुसऱ्या मंचापाशी असलेला समुदायही तिकडे लोटला. पुढे कठडे, मागून रेटा. दहा जणांनी प्राण गमावले. सर्वांत मोठा २७ वर्षांचा. सर्वांत लहान ९ वर्षांचा, वडिलांच्या खांद्यावर बसून कार्यक्रम पाहणारा.

मृतांचे दफन होण्याआधीच समाजमाध्यमांवर आवई उठली की, तो सैतानाला बळी देण्याचा विधी होता, तो मंच म्हणजे नरकाचे द्वार होते. ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांनीही ती भक्तिभावाने पसरवली. डिसेंबर २०२१ मध्ये शवचिकित्सेचा निष्कर्ष जाहीर झाला : दहाही जण शरीर दाबले जाऊन गुदमरले होते. मादक द्रव्यांचा हातभार एकाच्याच बाबतीत नोंदला गेला. मृतांविषयी खोटी साक्ष देणे हे आठव्या आज्ञेचे उल्लंघन नव्हे काय?

गर्दीत माणूस तुडवला जाऊन मरतो, असा आपला समज असतो. पुष्कळदा तो उभ्या उभ्याच मरतो. एका चौरस मीटरमध्ये सहा-सात माणसे कोंबली गेली की समुदाय पाण्यासारखा हेलकावू लागतो. कोणाचेच पाय स्वतःच्या स्वाधीन राहत नाहीत. छाती फुगण्यास जागा नसते. श्वास सुटतो, परत घेता येत नाही. यात गूढ असे काही नाही. हे जागेचे आणि माणसांचे गणित आहे, आणि ते मांडण्याचे काम ज्यांच्याकडे होते त्यांनी ते मांडले नाही.

आयोजकांचा ५६ पानी आराखडा पुढे उजेडात आला. वादळ आले किंवा गोळीबार झाला तर काय करावे, हे त्यात होते. गर्दीचा लोंढा आला तर काय करावे, हे नव्हते. कार्यक्रम थांबवण्याचा अधिकार केवळ दोघांना होता. कोणी दगावल्याचा संशय आल्यास बिनतारी यंत्रावर ‘मृत’ हा शब्द उच्चारू नये, ‘स्मर्फ’ म्हणावे, अशी सूचना होती. स्मर्फ म्हणजे बालचित्रकथेतील निळे बुटके! रात्री ९ वाजून ३८ मिनिटांनी अधिकाऱ्यांनी सामूहिक दुर्घटना घोषित केली. गाणे मात्र दहा वाजून गेल्यावरही चालूच होते. याच गायकाने २०१५ साली शिकागो येथे श्रोत्यांना कठडे ओलांडण्यास सांगितल्याप्रकरणी दोष कबूल केला होता. जून २०२३ मध्ये ग्रँड ज्युरीने ह्यूस्टन प्रकरणी कोणावरही फौजदारी आरोप ठेवण्यास नकार दिला. मृतांच्या कुटुंबीयांचे दावे २०२४ पर्यंत तडजोडीने मिटले.

सैतानावर कोणी समन्स बजावू शकत नाही. म्हणून त्याच्यावर खापर फोडणे फार स्वस्त पडते. आराखडा करणारा सुटतो, तिकिटे विकणारा सुटतो, परवाना देणारा सुटतो. २९ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर २३ जण चेंगरून मेले. तेथे कोणते रॅप चालू होते? ४ जून २०२५ रोजी बंगळुरूत क्रिकेटच्या विजयोत्सवाच्या गर्दीत ११ जण गेले. तेथे कोणत्या सैतानाची पूजा होती? शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा जण ठार झाले, तेव्हा त्यांना इतरांहून अधिक पापी ठरवण्यास प्रभू येशूने नकार दिला होता. तो धडा आपण विसरलो.

हिप-हॉपच्या अनेक गीतांत शिवराळपणा आहे, स्त्रीची अवहेलना आहे, पैशाचा माज आहे. त्यावर कठोर टीका अवश्य व्हावी. पण ती ऐकून, समजून व्हावी. या कलेचा जन्म ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातील एका इमारतीत झाला असे मानतात. शाळेच्या कपड्यांसाठी पैसे जमावेत म्हणून एका मुलीने तेथे तिकीट लावून नृत्याची संध्याकाळ ठेवली होती आणि तिचा भाऊ, डीजे कूल हर्क, तबकड्या वाजवत होता. आपल्याकडे हीच कला गल्लीतून मंचावर नेणारा ‘डिव्हाइन’, म्हणजे विव्हियन फर्नांडिस, हा अंधेरीच्या जे. बी. नगरातील ख्रिस्ती घरचा मुलगा आहे. अशा साऱ्यांना एका शब्दात सैतानाच्या स्वाधीन करणे हा आळस आहे.

पालकहो, नुसत्या बंदीने मूल घरी राहत नाही. ते न सांगता जाते आणि काहीही न शिकता जाते. त्यापेक्षा त्याच्याशी बोला. कोणाला ऐकायला जातोस, ते गीत काय सांगते, हे विचारा. मैदानात शिरताच बाहेर पडण्याच्या वाटा पाहून ठेव, कठड्याला चिकटून उभा राहू नकोस, दोन्ही हात छातीपुढे धर, दोहो बाजूंनी खांदे घासू लागले की गाणे अर्धवट टाकून कडेकडेने बाहेर पड, हे शिकवा. लहान बालकाला तर अशा गर्दीत नेऊच नका.

आणि आपले घरही तपासू या. बांद्र्याच्या मोत माउलीची जत्रा असो वा आपल्या धर्मग्रामाचा सण, गर्दी आपणही जमवतो. तेथे माणसे कोण मोजतो? वाटा किती? गुदमरणाऱ्याची हाक ऐकून बँड तत्काळ थांबवण्याचा अधिकार कोणाला? पुढच्या सणापूर्वी धर्मग्राम समितीच्या सभेत हे तीन प्रश्न मांडा. उत्तर देण्यास आम्ही धर्मगुरूही बांधील आहोत.