जुने यंत्र आणि घरचा विक्रेता

जुनी वस्तू विकत घेण्यात कमीपणा मानण्याचे काही कारण नाही. आपल्या पूर्वजांनी जुनी पुस्तके, जुनी भांडी, जुने सागवानी दरवाजे मोठ्या चोखंदळपणे घेतले आणि पुढील दोन दोन पिढ्या वापरले. कमीपणा असेल तर तो न पाहता घेण्यात आहे. भांडे घेताना आपण ते वाजवून पाहतो, कापड घेताना उजेडात धरतो. परंतु विजेवर चालणारे यंत्र समोर आले की सुशिक्षित माणूसही एकाएकी भोळा होतो, आणि विकणारा ओळखीचा असेल तर भोळेपणास भिडेची जोड मिळते. भीड भिकेची बहीण, ही म्हण आपल्या आजीने उगीच सांगितलेली नाही.

हे लिहावयास निमित्त झाले ते हिंगणघाटच्या एका भगिनींचे पत्र. घर एकत्र, माणसे अकरा. सासूबाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होऊनही बारीक पडद्यावरचे त्यांना दिसत नाही, आणि गुडघ्यांमुळे कीर्तनास जाणे बंद झाले आहे. मुले आपापल्या कोपऱ्यात मोबाईल घेऊन बसतात. सायंकाळी सर्वांनी एकत्र बसून भिंतीवर मोठे चित्र पाहावे, या हेतूने या भगिनींनी प्रोजेक्टर घेण्याचे ठरविले आहे. तीन वर्षे शाळेचे गणवेश शिवून त्यांनी अठरा हजार रुपये साठविले. त्यांच्या थोरल्या जाऊबाईंच्या बंधूंचा नागपुरात शिकवणीचा वर्ग होता; तो आता बंद झाला असून तेथील प्रोजेक्टर ते सोळा हजारांस देऊ म्हणतात. "घरचाच माणूस आहे, तपासायचे काय त्यात?" असे घरातील वडीलधारे म्हणतात. तपासावे तर जाऊबाई दुखावतील, न तपासावे तर तीन वर्षांची शिलाई पणास लागेल. प्रश्न सोळा हजारांचा आहे तसा मनांचाही आहे, म्हणून त्याचा विचार येथे थोडा विस्ताराने करतो.

आधी शब्दाचा विचार करू. नैयायिकांनी ज्ञानाची चार साधने सांगितली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे आप्ताचे वचन. परंतु शास्त्रातील आप्त म्हणजे नातलग नव्हे. वस्तू जशी आहे तशी जो जाणतो आणि जशी जाणतो तशीच सांगतो, तो आप्त. मराठीत मात्र आपण आप्त म्हणजे सोयरा असा अर्थ रूढ केला, आणि दोन्ही अर्थ नकळत एक करून टाकले. जाऊबाईंचे बंधू अत्यंत सचोटीचे असतील, नव्हे, असतीलच. परंतु यंत्राच्या पोटात काय झाले आहे हे त्यांना तरी कोठे ठाऊक आहे? वर्गात ते गणित शिकवीत होते, प्रोजेक्टर उघडून पाहत नव्हते. तेव्हा यंत्र तपासणे म्हणजे त्यांच्या प्रामाणिकपणाची परीक्षा घेणे नव्हे. त्यांच्या शब्दास प्रत्यक्षाची व अनुमानाची जोड द्यावयाची, इतकेच.

प्रकाशाने भिंतीवर चित्र पाडण्याची ही विद्या महाराष्ट्रास नवी नाही. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी 1892 च्या सुमारास काचपट्ट्यांवर हाताने रंगविलेली चित्रे दीपाच्या साहाय्याने पडद्यावर दाखविण्याचे खेळ सुरू केले, आणि त्या यंत्रास 'शांबरिक खरोलिका' असे नाव दिले. शंबर हा मायावी असुर. त्याची विद्या ती शांबरी. मुंबईत वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे 7 जुलै 1896 रोजी दाखविली गेली, त्याच्याही आधीची ही गोष्ट. तेव्हाच्या आणि आजच्या यंत्रांत कितीही अंतर पडले असले तरी अवयव तेच आहेत: एक दीप, एक चित्र आणि एक भिंग. परीक्षाही याच क्रमाने करावी.

प्रथम दीप. दिव्याच्या प्रोजेक्टरात पाऱ्याची वाफ असलेला, अतिशय दाबाखाली जळणारा लॅम्प असतो. त्याचे आयुष्य साधारणतः तीन ते पाच हजार तास. हे आयुष्य म्हणजे दिवा विझेपर्यंतचा काळ नव्हे; बहुधा त्याचा प्रकाश मूळच्या निम्मा होईपर्यंतचा काळ असतो. यंत्राच्या मेनूमध्ये लॅम्प किती तास जळला याचा आकडा दिसतो. तो पाहावाच, परंतु त्यावर विसंबू नये. कारण नवा लॅम्प बसविल्यावर हा आकडा शून्यावर आणावयाचा असतो, आणि लॅम्प न बदलताही तो शून्यावर आणता येतो.

येथे अनुमान उपयोगी पडते. शिकवणीचा वर्ग रोज सहा तास, वर्षास अडीचशे दिवस चालला असे धरले तर वर्षाचे पंधराशे तास झाले आणि तीन वर्षांचे साडेचार हजार. अशा यंत्रावर सातशेचा आकडा दिसला, तर लॅम्प बदललेला असला पाहिजे. मग सरळ विचारावे, "लॅम्प केव्हा बदलला? पावती आहे का?" पावती निघाली तर प्रश्नच मिटला. न निघाली तर लॅम्प जुना समजूनच हिशेब करावा. घरी रोज दोन तास यंत्र चालले तर वर्षाचे 730 तास होतात. लॅम्पचे हजार तास उरले असतील तर ते पाचशे दिवस, म्हणजे साधारण सोळा महिने पुरतील. त्यानंतर नव्या लॅम्पचा खर्च आलाच. तो त्या नमुन्यास आज मिळतो की नाही, आणि कितीस मिळतो, हे यंत्र घेण्यापूर्वी दुकानात विचारावे. ती किंमत सोळा हजारांत मिळवावी. आणि मग होणारी बेरीज हीच यंत्राची खरी किंमत समजावी. एलईडी किंवा लेझरच्या यंत्रास लॅम्प नसतो व त्याचे आयुष्य वीस हजार तासांच्या घरात सांगितले जाते. परंतु वर्गांतील जुनी यंत्रे बहुधा लॅम्पचीच असतात.

दुसरे चित्र. यंत्रावर लिहिलेला मोठा आकडा पुष्कळदा फसवा असतो. यंत्र "1080 चे चित्र घेते" याचा अर्थ ते तितके ठिपके स्वतः उमटविते असा नव्हे. 1920 गुणिले 1080 म्हणजे वीस लाख त्र्याहत्तर हजार सहाशे ठिपके. काही स्वस्त यंत्रे इतक्या चित्राचे आकुंचन करून 800 गुणिले 480, म्हणजे अवघे तीन लाख चौऱ्याऐंशी हजार ठिपके भिंतीवर पाडतात. म्हणून "मूळचे ठिपके किती?" असा प्रश्न विचारावा. वर्गांतील पुष्कळ यंत्रे 1024 गुणिले 768 ची असतात. त्यांचा आकार फळ्यासारखा चौकोनी असल्याने हल्लीच्या रुंद चित्राच्या वर व खाली काळे पट्टे राहतात. हा दोष नव्हे, परंतु घेणाऱ्यास तो आधी ठाऊक असावा.

परीक्षेस जाताना आपल्या मोबाईलमध्ये किंवा लॅपटॉपमध्ये चार चित्रे करून न्यावीत: एक निव्वळ पांढरे, एक निव्वळ काळे, एक घरातील सर्वांच्या परिचयाचे छायाचित्र, आणि एक बारीक देवनागरी अक्षरांचे पान. खोलीत अंधार करावा. चित्राचा तिरपेपणा सुधारणारी सोय शून्यावर ठेवावी, यंत्र भिंतीच्या समोर सरळ मांडावे.

पांढऱ्या चित्रात पिवळे वा निळे डाग दिसले तर एलसीडी जातीच्या यंत्राचे आतील पडदे उष्णतेने करपले आहेत असे समजावे. हा दोष पुसून जात नाही. काळ्या चित्रात टाचणीच्या टोकाएवढे लख्ख पांढरे ठिपके दिसले तर डीएलपी जातीच्या यंत्रातील सूक्ष्म आरसे अडकले आहेत. आज चार आहेत ते पुढे वाढत जाण्याचा संभव असतो. उलट अस्पष्ट, फिकट ठिगळ दिसले तर ती बहुधा धूळ होय. भिंग किंचित फिरवून चित्र अस्पष्ट करावे. चित्र पुसट होत असता ठिगळ उलट रेखीव झाले तर धुळीची खात्री पटते. धूळ कारागीर काढू शकतो. परिचयाचे छायाचित्र हे आपले उपमान: घरच्या माणसाची कांती भिंतीवर हिरवट किंवा जांभळी दिसू लागली, तर रंग बिघडले आहेत हे सांगावयास तज्ज्ञ नको.

देवनागरीची परीक्षा आम्हांस सर्वांत आवडते. पानाच्या चारही कोपऱ्यांतील अनुस्वार आणि वेलांट्या मधल्या अक्षरांइतक्याच स्वच्छ वाचता आल्या पाहिजेत. शिरोरेषेच्या एका अंगास तांबडी व दुसऱ्या अंगास निळी किनार दिसली तर एलसीडी यंत्रातील तीन रंगांचे पडदे एकमेकांवर नीट बसलेले नाहीत. डीएलपी यंत्रात एक वेगळी गोष्ट घडते. चित्रावरून नजर झटकन फिरविली असता काहींना इंद्रधनुष्याची चमक दिसते, काहींना मुळीच दिसत नाही. ज्यांना दिसते त्यांचे कधी कधी डोके दुखते. एकत्र कुटुंबात अकरा जोड डोळे आहेत; निदान चार जोड तरी परीक्षेस न्यावेत, आणि शक्य असल्यास सासूबाईंचे प्रथम.

तिसरे भिंग. यंत्र बंद करून, ते थंड झाल्यावर, मोबाईलच्या विजेरीचा उजेड भिंगावर तिरपा टाकावा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी होय. आपल्याकडे पावसाळ्यातील ओल आणि उन्हाळ्यातील कूलरचा दमट वारा ही तिची दोन माहेरे. यंत्र चालू असता भिंगात कोणीही डोकावू नये. मुलांस हे आधीच बजावावे.

याखेरीज पंखा आणि उष्णता यांकडे आमच्या जिल्ह्यात विशेष लक्ष दिले पाहिजे. बहुतेक यंत्रांच्या पुस्तिकांत खोलीचे उष्णतामान 35 ते 40 अंशांपर्यंतच असावे असे छापलेले असते. वर्ध्याचा पारा मे महिन्यात 45 च्या वर जातो, आणि हिंगणघाटसारख्या कापसाच्या गावी हवेत बारीक तंतू उडतात ते वेगळेच. म्हणून जाळी काढून पाहावी. ती तंतूंनी गच्च भरलेली असेल, तर यंत्राने गुदमरत वर्षे काढली आहेत हे उघड आहे. यंत्र पूर्ण प्रकाशावर निदान एक तास सलग चालवावे. मध्येच बंद पडते का, चित्र लुकलुकते का, करपट वास येतो का, पंखा घरघरतो का, हे पाहावे. मग रिमोटने बंद करावे, पंखा आपोआप थांबेपर्यंत तार ओढू नये, आणि दहा मिनिटांनी पुन्हा सुरू करून पाहावे. गरम झालेले यंत्र पुन्हा उठते की नाही, यात बरेच कळते. पाच मिनिटांच्या चहापुरत्या परीक्षेत यांपैकी काहीही कळत नाही.

घरचे मापही घेऊन जावे. शंभर इंची रुंद चित्र सुमारे सव्वासात फूट रुंद असते. ज्या यंत्राचे अंतर-प्रमाण दीड आहे त्यास तेवढ्यासाठी भिंतीपासून जवळजवळ अकरा फूट लागतात. माजघर नऊ फुटांचे असेल तर उत्तम यंत्रही निरुपयोगी.

आता निर्णय. करपलेले पडदे, अडकलेले आरसे, मध्येच बंद पडणे आणि बाजारात न मिळणारा लॅम्प, या चारांपैकी एक जरी आढळले तरी यंत्र घेऊ नये, मग ते सोळाचे आठ हजारांस मिळो. धूळ, भरलेली जाळी, जुना लॅम्प, हरवलेला रिमोट हे दोष किमतीतून वळते करता येतात.

राहिली भीड. आमच्या मते तपासणीची गोष्ट जाऊबाईंना आडून कळू देऊ नये. त्यांनाच बरोबर न्यावे आणि त्यांच्या बंधूंना आधीच कळवावे, "दादा, आईंना दिसते की नाही हे पाहावयाचे आहे, दोन तास यंत्र लावून ठेवाल का?" हे खोटे नाही, खरेदीचा हेतूच तो आहे. दोष निघाला तर तो सर्वांच्या देखत भिंतीवर दिसेल, कोणास कोणाविषयी काही बोलावे लागणार नाही. न पाहता घेतलेले यंत्र सहा महिन्यांनी बंद पडले तर मात्र घरात कोणी काही बोलणार नाही आणि प्रत्येक जण मनात ठेवील. एकत्र कुटुंबे पुष्कळदा अशा न बोललेल्या हिशेबांनीच फाटतात.

आणि एक विनंती घरातील वडीलधाऱ्यांस. पैसे ज्यांच्या शिलाईचे आहेत, होकार वा नकारही त्यांचाच असू द्यावा. आप्ताचा मान राखणे हा धर्म खरा. परंतु सुनेच्या कष्टांचा मान राखणे हाही त्याच धर्माचा भाग आहे, आणि तो खर्च घराने इतर कोणाकडून वसूल करावयाचा नसतो.