दोन हातांमधली घासाई

गेल्या महिन्यात बोरिवलीत एका घरचे कपाट पाहायला गेलो. पीयू पॉलिश होऊन चार महिनेही झाले नव्हते, आणि मुठीजवळचा थर नखाने उचलला तर कांद्याच्या पापुद्र्यासारखा सुटून आला. खालचा थर आरशासारखा गुळगुळीत. पॉलिशवाल्याने माल चांगला वापरला होता, हातही दोन मारले होते. मध्ये पेपर मात्र मारला नव्हता.

ही चापडा आणि एनसी लॅकरच्या काळातली सवय. तिथे नव्या हातातला स्पिरिट किंवा थिनर खालचा थर विरघळवतो आणि दोन्ही एकजीव होतात. पेपर लागतो तो दाणे काढण्यापुरता. पीयू, मेलामाइनचे तसे नाही. ते रासायनिक क्रियेने कडक होतात. एकदा पक्का झालेला थर पुन्हा विरघळत नाही, म्हणून वरच्या थराला धरायला ओरखडे लागतात.

सीलरवर ३२० नंबर, शेवटच्या हाताआधी ४००. घाईत १८० उचलू नका. ३२०चा कण सुमारे ४६ मायक्रॉनचा, १८०चा ८०च्या पुढे. त्याचे ओरखडे गडद रंगाखालूनही डोकावतात. घासून झाले की मोबाइलचा टॉर्च आडवा धरा. मळकट पांढऱ्या पृष्ठभागावर चमकणारे ठिपके दिसले, तर तिथे पेपर पोचलेलाच नाही. व्हिनिअरच्या कडांवर मात्र हात हलका. तिथे लाकूड उघडे पडायला दोन फटकारे पुरतात.

त्यात हा पावसाळा. हाताला कोरडा लागणारा थर आत ओला असू शकतो. पेपरखाली पीठ पडले तर घासा. गोळ्या होऊन पेपर तुंबला तर थांबा, गिऱ्हाईक कितीही फोन करो. आणि मास्क लावा. लाकडाच्या धुळीची गणना जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९५ सालीच कर्करोगकारकांत केली आहे. तोंडाला बांधलेला रुमाल तिला अडवत नाही.

हे सगळे आपल्यातल्या बहुतेकांना ठाऊक आहे. घोडे अडते ते कोटेशनमध्ये. भाव ठरतो चौरस फुटाचा, आणि घासायचा दिवस त्यात कुठेच नसतो. मग काम मागे पडले की पहिला तोच कापला जातो. तेव्हा वेगळी ओळ लिहा: ‘दोन हातांमधली घासाई, एक दिवस’. गिऱ्हाईक विचारेल, त्याला टॉर्च धरून दाखवा. वेळेचे म्हणाल, तर मुलुंड-घाटकोपरच्या कित्येक सोसायट्यांत दुपारी ड्रिल, हातोडी बंद असते. हाताने पेपर मारण्यावर मात्र अजून कुठल्या सेक्रेटरीने हरकत घेतल्याचे ऐकलेले नाही.