पैसे घेण्याआधी कागद करा

नाशिकमध्ये सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना आणि ते विकत घेणाऱ्यांना, दोघांनाही कळकळीची विनंती आहे. कोण काय देतंय आणि कोण काय घेतंय, ते व्यवहार होण्याआधी कागदावर येऊ द्या.

सातपूर-अंबडच्या वर्कशॉपसाठी किंवा पिंपळगावच्या द्राक्ष पॅकहाउससाठी ओळखीतलाच एखादा मुलगा प्रोग्रॅम लिहून देतो. माल किती आला, पेट्या किती भरल्या, कुणाकडून किती येणं आहे, सगळं त्यात. कोटेशनवर एवढंच असतं: ‘स्टॉकचं सॉफ्टवेअर, १ नग’, आणि पुढे रक्कम. मालकाला वाटतं, पैसे मोजले म्हणजे प्रोग्रॅम आपला झाला. मुलाला वाटतं, कोड मी लिहिलाय, तो मी दुसऱ्यालाही देईन. मग तोच प्रोग्रॅम शेजारच्या पॅकहाउसमध्ये दिसतो, किंवा मालक सोर्स कोड मागतो, आणि वाद पेटतो.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याने संगणकाच्या प्रोग्रॅमला साहित्यकृतींतच धरलं आहे. पगारी नोकराने कामाचा भाग म्हणून लिहिलेला कोड, वेगळा करार नसेल तर, मालकाचा. बाहेरच्या माणसाने ठरावीक रकमेवर लिहून दिलेला कोड मात्र लिहिणाऱ्याचाच राहतो. तो मालकाला हवा असेल तर हक्क सहीनिशी लिहून घ्यावे लागतात. त्यातही मुदत घातली नाही तर कायदा पाच वर्षंच धरतो, आणि प्रदेश घातला नाही तर फक्त भारत. दुबईत ऑफिस उघडणाऱ्या निर्यातदाराने कलम १९ एकदा स्वतः वाचावंच.

तयार सॉफ्टवेअरमध्येही मिळते ती वापरायची परवानगीच. टॅलीचंच बघा. ‘सिल्व्हर’ एका कॉम्प्युटरपुरतं, ‘गोल्ड’ ऑफिसच्या नेटवर्कवर अनेकांसाठी. परवाना कायमचा, पण नवी आवृत्ती हवी तर टीएसएस, म्हणजे टॅलीची सेवा-वर्गणी, चालू ठेवावी लागते. सर्वोच्च न्यायालयानेही २ मार्च २०२१ च्या निकालात हेच धरलं: असं सॉफ्टवेअर घेणाऱ्याकडे कॉपीराइट येत नाही, म्हणून त्यासाठी परदेशी कंपनीला दिलेले पैसे ही कॉपीराइटची रॉयल्टी नव्हे. आणि क्रॅक केलेलं डिझाइनचं सॉफ्टवेअर वापरून जॉबवर्क करणाऱ्यांनो, कॉपीराइट कायद्याचं कलम ६३ब बघून ठेवा. जाणूनबुजून वापरलं तर सात दिवस ते तीन वर्षं कैद, आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड.

आता तरुणांशी थोडं सविस्तर बोलतो. ओपन सोर्समध्ये, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या सॉफ्टवेअरमध्ये, पैसा नाही, हे मनातून काढून टाका. मुंबईच्या ऋषभ मेहतांनी घरच्या फर्निचर व्यवसायाच्या गरजेतून ईआरपी, म्हणजे धंद्याची सगळी कामं एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर, लिहायला घेतलं, त्यातून ईआरपीनेक्स्ट उभं राहिलं. त्याचा परवाना जीपीएल ३. कुणीही ते उतरवून घ्यावं, बदलावं, विकावंसुद्धा. त्यांची फ्रॅपे कंपनी कमावते ती सर्व्हर सांभाळण्यावर आणि ग्राहकाला मदत देण्यावर. अंबडच्या कारखान्यात तेच बसवून, जॉबवर्कची चलनं आणि गेटपास त्यात जोडून देणारा नाशिकचा मुलगाही त्यावर पोट भरू शकतो. त्यासाठी त्याला कुणाच्या पाया पडावं लागत नाही.

अटी मात्र पाळायच्या. जीपीएलखालचा प्रोग्रॅम बदलून ग्राहकाच्या हाती दिलात, तर सोर्स कोडही त्याच परवान्यावर द्यावा लागतो. ‘हा कोड कुणाला द्यायचा नाही’ असं त्याच्याकडून लिहून घेता येत नाही. तुमच्याच सर्व्हरवर चालवून नुसती सेवा दिलीत, तर जीपीएल कोड द्यायला लावत नाही. त्याच घराण्यातला एजीपीएल मात्र, तुम्ही बदल केले असतील तर, तिथेही लावतो. एमआयटी परवाना या तिघांत सगळ्यात सैल: मूळ कॉपीराइटची ओळ आणि परवान्याचा मजकूर ठेवा, तुमचा वरचा कोड बंद ठेवलात तरी चालतं. नेटवरून उचललेल्या तुकड्यावर परवानाच नसेल, तर तो वापरू नका. परवाना नाही म्हणजे मुभा नाही.

एकदाच थोडे पैसे घेऊन वर्षानुवर्षं फुकट फोन उचलत बसण्याची सवय आपल्याकडच्या कितीतरी हुशार मुलांना धंद्यातून उठवते. मला त्याचं फार वाईट वाटतं. म्हणून कोटेशनवरच लिहा: कोडचा हक्क कुणाकडे, किती जागी आणि किती जणांनी वापरायचं, देखभाल कधीपर्यंत किमतीत धरली आहे आणि पुढे एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचा करार, कितीचा, आत ओपन सोर्सचं काय काय आहे. नवं काम निघालं तर त्याचे पैसे वेगळे.

मालकांनो, तुम्हीही लिहून घ्या. भरलेला डेटा तुमचा, आणि मागाल तेव्हा तो एक्सेलमध्ये मिळेल, हे करारात हवंच. मुलगा उद्या पुण्याला नोकरीला गेला तर सोर्स कोडची एक प्रत आणि तो दुरुस्त करायची परवानगी तुमच्याकडे असली पाहिजे. त्याचा मोबदला आजच ठरवा, आणि तो देताना घासाघीस करू नका.