मडक्यातली घोणस आणि आपली दया



चेन्नईच्या पोस्टिंगमध्ये मोकळा रविवार म्हणजे ईस्ट कोस्ट रोड. डावीकडे समुद्र, मुट्टुकाडूची खाडी, कोवलमच्या वाळूत ओढून ठेवलेल्या होड्या. महाबलीपुरमच्या अलीकडे वडनेम्मेलीला मद्रास क्रोकोडाइल बँक लागते. कातड्यासाठीच्या शिकारीने देशातल्या तिन्ही जातींच्या मगरी संपत आल्या होत्या, तेव्हा १९७६ मध्ये रोम्युलस व्हिटेकर आणि सहकाऱ्यांनी त्यांना वाचवायला ही जागा उभी केली.

त्याच आवारात इरुला आदिवासींची सर्पविष सहकारी संस्था आहे. इरुला माणसाने मडक्याचं फडकं सोडलं, आकड्याने घोणस बाहेर काढली आणि बरणीवरच्या पातळ पडद्यात तिचे दात रोवून विष काढलं. शेजारी एक मराठी गृहस्थ होते. बायकोला म्हणाले, "छळ आहे हा. बंद करायला हवं."

या दयेशी माझं भांडण आहे.

विषारी साप चावला तर खरं औषध एकच, प्रतिविष. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं यांचं विष थोडं थोडं घोड्यांना टोचतात. घोड्याच्या रक्तात उतारा तयार होतो, तो वेगळा करून बाटलीत भरतात. आपल्या मुंबईच्या हाफकिनचं औषधही असंच तयार होतं. म्हणजे आधी कुणीतरी जिवंत साप हातात धरायलाच हवा. २००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. वर्षाला सरासरी ५८ हजार. बहुतेक खेड्यातली, शेतात राबणारी. रात्री गवतात दबा धरून पडलेला जवानही त्याच धोक्यात असतो.

आता सापाचं बघू. तो तीन-चार आठवडे मडक्यात राहतो, ठरावीक वेळाच विष काढतात. पोटाच्या खवल्यावर खूण करतात, म्हणजे तोच पुन्हा पकडला जात नाही. मग जंगलात सोडतात. मडकं ही सुखाची जागा नाही, मान्य. पण त्याआधी काय होतं? इरुला साप पकडून कातडी विकायचे. १९७२ चा वन्यजीव कायदा आला, धंदा बसला, चुली विझल्या. कायदा योग्यच होता, पण उपाशी माणूस कायदा मोडून साप मारतो. १९७८ मध्ये ही संस्था निघाली आणि मेलेल्या सापापेक्षा जिवंत सापाला भाव आला. साप वाचला तो माणसाच्या पोटाची सोय झाली म्हणून. २०२३ मध्ये वडिवेल गोपाल आणि मासी सदैयन या दोघा इरुलांना पद्मश्री मिळाली, ती याच विद्येसाठी.

त्या गृहस्थांना राग यायलाच हवा असेल तर जागा दुसरी आहे. देशभरच्या प्रतिविषासाठीचं बरंचसं विष या एका कोपऱ्यातून जातं. सापाचं विष मात्र मुलखागणिक बदलतं, हे संशोधनाने दाखवलं आहे. ईशान्येतल्या चापड्यांसाठी तर हे चार सापांचं औषध बनलेलंच नाही. तिथल्या जंगलात गस्त घालणाऱ्या पोराच्या प्रथमोपचार पेटीचा विचार करा. वडनेम्मेलीची संस्था बंद करण्याची भाषा कसली करता? आसामात, राजस्थानात, फुरशांच्या आपल्या कोकणात अशा संस्था काढा. तिथला साप ओळखणारा माणूस तिथलाच असतो. त्याला परवाना द्या, वेळेवर पैसे द्या, मान द्या.

कुत्र्याच्या पिल्लावर दया करणं सोपं. घोणशीवर आणि तिला पकडणाऱ्या आदिवासीवर एकाच वेळी दया करायला डोकं लागतं.

माजी सैनिक बंधूंनो, गावात आपला शब्द चालतो. या पावसाळ्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि प्रतिविषाच्या बाटल्या किती आहेत, मुदत कधी संपते, रात्री डॉक्टर कोण असतो, हे विचारा. उत्तर मिळालं नाही तर ग्रामसभेत उभे राहून विचारा.

जय हिंद.